सातवा वाफा

१२ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला ढब्बू म्हणू नये हे मलाही कळतं, पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहून झाल्यावर आतही तेच लिहायला हात होईना.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. हे तुला तिनेच रविवारी फोनवर सांगितलं असणार. तिने जे सांगितलं नसेल तेवढं मी सांगते. डोळ्यात थेंब घालताना ती माझ्यावर खेकसते. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलंय, तरी पलंगाखालची चप्पल शोधायला वाकते, आणि हटकलं तर म्हणते, चप्पल काय आपण होऊन बाहेर येणार आहे? तेव्हा तब्येत उत्तम आहे असं समज.

हे फोनवरही सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण रविवारी फोन मी उचलला की तू म्हणतोस, "आईला दे." अकरा वर्षांत तुझ्या तोंडून मी एवढे दोनच शब्द ऐकले आहेत. म्हणून हे पत्र.

काम तसं किरकोळ आहे. आपल्या कृषी केंद्रात सध्या जुने कागद लावणं चाललंय. कुठलं तणनाशक कुठल्या भाजीला आणि कुठल्या फळपिकाला सोसतं याची आपली ती पुस्तिका, तिची नवी आवृत्ती एप्रिलअखेर छापायला जायची आहे. त्या निमित्ताने खरबुजाच्या चाचणीचे कागद पाहिले तर ते अपुरे निघाले. मागच्या शेडजवळचा तुकडा तुला आठवत असेल. चार रांगा, रांगेत सहा सहा वाफे. फवारणी तू केली होतीस आणि पानांची पाहणी मी. तर त्या दिवशी तू कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात केलीस आणि पहिली रांग संपल्यावर दुसरी कुठल्या टोकाकडून धरलीस, एवढंच हवं आहे. आठवत नसेल तर तसं कळव, काही बिघडत नाही. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार?

ताई


२ मार्च

प्रिय ढब्बू,

तुझं कार्ड मिळालं. "विहिरीकडच्या कोपऱ्यातून. रांग संपली की वळून परत. नेहमीसारखं." वर प्रिय नाही की खाली सही नाही. तरी पोस्टमनने दिल्यापासून दोन दिवस ते कार्ड माझ्या पर्समध्येच होतं.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते मला वेगळं सांगायला नको होतं. पाठीवर भरलेला पंप असलेला माणूस रांग संपली म्हणून रिकामा चालत पुन्हा सुरुवातीला जात नाही. तो तिथेच वळतो आणि शेजारची रांग उलटी करत परत येतो. म्हणजे पहिल्या रांगेत एक ते सहा, आणि सातवा वाफा सहाव्याच्या अगदी शेजारी. केंद्रात रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच.

तुला आमच्याकडची एक गंमत सांगते. बियाणे विभागातून एक सहकारी बदलून आला आहे. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून सगळे त्याला मोजपट्टीच म्हणतात, आणि त्याला ते ठाऊक आहे. रुजू झाल्यावर चार दिवसांत त्याने आपली पुस्तिका पाठ केली आणि माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, भोपळा आहे, काकडी आहे, कलिंगड आहे, मग खरबूज कुठे गेलं? पहिल्या आवृत्तीत होतं. मी म्हटलं, जागा नव्हती म्हणून गाळलं. तो म्हणाला, "शेवटची दीड पानं कोरी आहेत."

त्याने मग स्वतःच खरबूज पेरलंय, त्याच तुकड्यात, तेच औषध, त्याच मात्रा.

शीतगृहातलं तुझं काम कसं चाललंय? आई म्हणते तिथे सतत स्वेटर घालावा लागतो. बारा महिने उन्हात काढलेला तू, तुला ते सोसतं का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मी विचारत राहीन.

ताई


१९ मार्च

प्रिय ढब्बू,

मोजपट्टीचं खरबूज उगवलं. पूर्ण मात्रेच्या वाफ्यांत पानं पांढरी पडली आहेत. पिवळी नव्हेत, भाजलेलीही नव्हेत, कागदासारखी पांढरी. दुप्पट मात्रेच्या वाफ्यांत तर रोपं दुसऱ्या पानाच्या पुढे गेलीच नाहीत. शेजारी कोरे वाफे, म्हणजे ज्यांना औषध मुळीच लागलेलं नाही, ते हिरवेगार. चारही रांगांत हेच. तण म्हणशील तर कुठल्याच वाफ्यात नाही, कारण अशा चाचणीत सगळे वाफे हाताने खुरपून स्वच्छ ठेवतात. पिकाला जी इजा होईल ती औषधानेच झाली की नाही, एवढंच त्यात पाहायचं असतं. तेव्हा शंकेला जागा नाही.

मी बांधावर उभी होते. मोजपट्टी वाफ्यात उकिडवा बसून एकेक पान मोजत होता. वर न बघता म्हणाला की तुमच्या चाचणीत पूर्ण मात्रा सुरक्षित निघाली होती, मला ती मूळ वही पाहायला मिळेल का? मी सांगितलं, छप्पर गळलं त्या वर्षी बऱ्याच वह्या भिजून गेल्या.

छप्पर गळलं होतं हे खरं आहे. वहीचं पुढे कधीतरी लिहीन.

तो मुकाट्याने ऐकून घेणारा माणूस नाही. दोन दिवसांनी परवाना समितीची जुनी फाइल मागवून घेऊन बसला. खरबूज या शब्दावरून त्याला ती सापडली. त्यात तुझी केस आहे, आणि त्यात माझा जबाब आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, या फवारणीवाल्यांचं आणि तुमचं आडनाव एकच कसं? मी म्हटलं, भाऊ आहे. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि डबा उघडला. त्याने काही विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आईचा डोळा आता स्वच्छ झालाय. तिला भिंतीवरचे डाग दिसायला लागलेत आणि त्या सगळ्यांना मी जबाबदार आहे.

ताई


४ एप्रिल

प्रिय ढब्बू,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता एका दमात लिहिते.

त्या चाचणीत चूक झाली होती, आणि ती माझी होती. तू फवारलंस ते नेहमीसारखं, वळून परत येत. मी पाहणी केली ती मात्र प्रत्येक रांग विहिरीकडच्या टोकापासून धरून. त्या वर्षी प्रत्येक वाफ्याला आकड्याची खुंटी नव्हती. खुरपताना मध्ये येतात म्हणून मीच त्या काढायला लावल्या होत्या. कोपऱ्यावर एक खुंटी, बाकी आकडे माझ्या डोक्यात. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत माझा सातवा वाफा तो तुझा बारावा, माझा आठवा तो तुझा अकरावा. अर्ध्या शेताची इजा भलत्याच वाफ्यांच्या नावावर चढली.

कुठल्या वाफ्यात काय फवारलंय ते आपण पाहणी करताना मुद्दाम बघत नाही, म्हणजे मन आधीच कलत नाही. त्यामुळे लिहिताना मला काही खटकलं नाही. यादीशी जुळवल्यावर दिसलं की कोऱ्या वाफ्यांतही पानं पांढरी. जिथे औषधच पडलं नाही तिथे पान पांढरं कसं होईल? तेव्हा थांबायला हवं होतं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "वाऱ्याने उडालेलं औषध?" तू चिडला होतास. त्या दिवशी वारा नव्हता, म्हणालास. मी म्हटलं, तुला पाठीवर पंप असताना काय कळणार. आणि मग तो शेराही बाजूला सारून, कोऱ्या वाफ्यातही पांढरं, फवारलेल्यातही पांढरं, म्हणजे दोष औषधाचा नाही असा निष्कर्ष काढून मोकळी झाले. पुस्तिकेत छापून आलं की खरबुजाला पूर्ण मात्रा चालते.

पुढचं तुला माहीत आहे. तू केंद्र सोडून स्वतःचा फवारणीचा परवाना काढलास. ज्यांनी तुला फवारणीला बोलावलं त्या मळेवाल्यांनी तीच पुस्तिका तुझ्यापुढे धरली आणि तू त्यातली मात्रा मोजून त्यांच्या खरबुजाला दिलीस. चौदा दिवसांनी त्यांचं सगळं शेत पांढरं झालं आणि त्यांनी परवाना समितीकडे तुझी तक्रार केली.

हे सगळं मला आता, मोजपट्टीच्या वाफ्यांमुळे, लक्षात आलं. मी संचालकांना सांगणार आहे.

ताई


६ एप्रिल

ढब्बू,

परवाच्या पत्रात शेवटी लिहिलेली एक ओळ खोटी आहे. चूक कशी झाली ते खरं लिहिलं. ती मला आता कळली, हे खोटं.

परवाना समितीने तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी तयारीसाठी मी ती वही घरी आणली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली. आई शेजारणीकडे गेली होती. वहीच्या मागच्या पाकिटात तुझा फवारणीचा कागद घडी करून ठेवलेला होता. तुला सवय होती, रांगांवर बाण काढायची. पहिल्या रांगेवर उजवीकडे, दुसरीवर डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी तो कागद माझ्या आकड्यांशेजारी ठेवला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पेन्सिलने दोन रांगा उलट्या करून आकडे मांडले तर कोरे वाफे हिरवे झाले आणि पांढरं सगळं जिथे असायला हवं तिथे गेलं.

म्हणजे दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे उभी राहिले तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "पुस्तिकेतल्या मात्रेने अशी इजा होत नाही. मात्रा जास्त झाली असेल किंवा आधीच्या औषधाची टाकी नीट धुतली गेली नसेल." तू समोरच्या बाकावर बसला होतास, इस्त्रीचा शर्ट घालून. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग खाली पाहिलंस. तुझा परवाना गेला. दीड महिन्याने तू गाव सोडलंस.

असं का केलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की त्याची उत्तरंही गुळगुळीत झाली आहेत. केंद्राची अब्रू जाईल, हजारो लोकांचा पुस्तिकेवरचा विश्वास उडेल, वगैरे. यातलं एकही खरं नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट मी चुकले होते आणि लोक हसतील याची मला भीती वाटली. केंद्रात सगळे मला विचारून काम करायचे. त्यांच्यापुढे तोंडघशी पडण्यापेक्षा तू पडलेला मला चालला. हे लिहून झाल्यावर आता पाहतेय, किती क्षुल्लक कारण आहे.

पुढच्या आवृत्तीतून खरबूज मीच गाळलं. आणखी कुणाचं शेत जाऊ नये म्हणून. त्यानंतर कुणाचं गेलंही नाही. या एका गोष्टीच्या आधारावर मी बरीच वर्षं झोपू शकले आहे. पण ते नाव गाळलं म्हणून पुन्हा चाचणी करायचं कारणही उरलं नाही, आणि तुझ्यावरचा ठपका कायमचा पक्का झाला. हेही मला कळत होतं.

वही भिजलेली नाही. ती माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, तुझ्या कागदासकट आहे.

आणि फेब्रुवारीत मी तुला विचारलं की तू कुठल्या बाजूने फवारलंस, तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं. तू विसरला असशील, अशी आशा होती. विसरला असतास तर मी मोजपट्टीला सांगितलं असतं की फवारणाऱ्यालाच आठवत नाही, आता काय करणार. तू तीन छोट्या वाक्यांत सांगून टाकलंस.

उद्या वही देते.

ताई


११ एप्रिल

ढब्बू,

वही दिली. संचालकांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. म्हणाले, नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत, चौकशी लागेल, विचार करा. पुस्तिकेत खरबुजापुढे "चालत नाही" असं छापलं की पुढचं नुकसान टळलं, जुन्याला कशाला हात घालता? मी म्हटलं, जुन्यात माझा भाऊ आहे. मग त्यांनी परवाना समितीला पत्र टाकलं. तारीख पंचवीस एप्रिल.

मोजपट्टीने वही घेऊन दोन तास आकडे पुन्हा मांडले. मग माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाला की त्यांचा कागद फार व्यवस्थित आहे. त्यांचा म्हणजे तुझा.

आईलाही सांगितलं. ती शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, वाफ्यांचं, वहीचं, जबाबाचं. ती सोलत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून रांगा आणि बाण पुन्हा समजावायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तो गेल्यावर तू माझ्याजवळ बसून रडायचीस," ती म्हणाली. "ते काय होतं?"

मी म्हटलं, ते खरं होतं. ती म्हणाली, "असेल." तेव्हापासून ती थेंब शेजारणीकडून घालून घेते. तुला रविवारी यातलं काही बोलली नाही, कारण तो विषय तूच काढावास असं तिचं म्हणणं आहे. तू काढत नाहीस. तुझं एकही पत्र नाही, कार्डसुद्धा नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

समितीपुढे तू यावंस असं त्यांनी कळवलं असेल. नाही आलास तरी मी बोलणार आहे.

ताई


२६ एप्रिल

ढब्बू,

तू आला नाहीस. खुर्ची ठेवली होती.

तीच खोली, तोच कुरकुरणारा पंखा, तिन्ही माणसं नवी. मळेवाल्यांना तक्रारदार म्हणून बोलावलं होतं. ते आता काठी घेऊन चालतात आणि मुलगी त्यांना धरून आणते. मी दोन पानं लिहून नेली होती, ती वाचली. चूक कधी लक्षात आली, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. मी तारीख सांगितली. जबाबाच्या आदल्या संध्याकाळची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तारीख पुन्हा एकदा सांगायला लावली.

मग मळेवाल्यांनी मुलीला खूण केली आणि तिने पिशवीतून पत्रांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. दहा पत्रं होती, सुतळीने बांधलेली. पाकिटांवर तुझं अक्षर.

"हा पोरगा मला दर वर्षी माफीचं पत्र पाठवतो," ते म्हणाले. "मी एकालाही उत्तर दिलं नाही. आता मला सांगा बाई, हा माफी कशाची मागत होता?"

अध्यक्षबाईंनी वरचं पत्र उघडून माझ्याकडे सरकवलं. मी ते वाचलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने, कारण त्यांनी तसं सांगितलं. तू लिहिलं होतंस, "टाकी मी नेहमी तीनदा धुतो, पण तुमच्या शेतावर त्या दिवशी दोनदाच धुतली असणार. मला नीट आठवत नाही, फार प्रयत्न केला. माझी बहीण या विषयातली आहे, ती म्हणाली त्याअर्थी तसंच झालं. माझ्या हातून तुमचं वर्षाचं पीक गेलं."

ढब्बू, मी अकरा वर्षं असं धरून चालले होते की तू माझ्यावर रागावून गेलास. तू फोनवर माझ्याशी बोलत नाहीस ते रागाने. मला वाटायचं, चिडलाय म्हणजे आपण बरोबर होतो हे त्याला माहीत आहे, तेवढं तरी त्याच्याकडे आहे. माझा त्यावर फार आधार होता. आणि तू तिथे थंड खोलीत पेट्या उचलत माझा शब्द खरा मानून बसला होतास. तुझ्या स्वतःच्या हातांपेक्षा तू माझ्यावर जास्त विश्वास ठेवलास. मी तुझा परवाना घेतला एवढंच मला माहीत होतं. हे मी घेतलंय हे मला माहीत नव्हतं.

आणि अजून एक गोष्ट आहे, जी मी सहा तारखेच्या पत्रातसुद्धा गाळली. मला वाटलं होतं, सगळं सांगितलं आता, एवढं एक राहिलं तर काय. तेव्हाच्या फाइलमध्ये मळेवाल्यांच्या शेतावरचा तुझा त्या दिवसाचा तक्ता होता, त्यात टाकी धुतल्याच्या नोंदी. समितीने मला विचारलं होतं की या तक्त्यावर विसंबता येईल का. मी म्हणाले होते, "असे तक्ते नंतरही भरले जातात." तू ते ऐकलंस. बहुतेक त्याच वाक्यानंतर तुला स्वतःचं आठवेनासं झालं.

काल मी तो तक्ता फाइलमधून काढायला लावला. खाली मळेवाल्यांची सही आहे. अध्यक्षबाईंनी त्यांना ती दाखवली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "सही माझीच. त्याच सकाळची. तीनही वेळा पाणी मीच काढून दिलं त्याला."

हे तेव्हा का सांगितलं नाही, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, कुणी विचारलं नाही. आणि पुढे म्हणाले, तज्ज्ञ बाईच सांगतायत तर तीनदा धुऊनही काही राहिलं असेल, असं मला वाटलं.

तुझा परवाना रद्द करण्याचा हुकूम समितीने मागे घेतला आहे. नवा परवाना हवा असेल तर अर्जावर तुझी सही लागते. अर्ज सोबत आहे. नको असेल तर फाडून टाक. माझी चौकशी पंधरा तारखेपासून आहे आणि ती व्हायलाच हवी. पुस्तिकेत खरबुजाच्या ओळीखाली जुनी शिफारस चुकीची होती हे माझ्या नावानिशी छापलं जाईल. मळेवाले तुला पत्र लिहिणार आहेत, मुलीकडून लिहवून घेणार आहेत. त्यांना काय लिहावं ते सुचत नाहीये, थोडा वेळ दे.

माझ्याकडून तू क्षमा वगैरे करावीस असं मी मागत नाही. ते मागायला मला जागा नाही.

तक्त्याची शिक्का मारलेली प्रत जोडली आहे. अक्षर तुझं आहे, वेळा तुझ्या आहेत. सात वीसला टाकी धुतली. सात पस्तीसला धुतली. सात पन्नासला धुतली. माझ्यावर चिडायचं असेल तितकं चीड, जन्मभर चीड. पण स्वतःवर चिडणं आजपासून बंद कर. त्याला आता कागदोपत्रीसुद्धा आधार उरलेला नाही.

तुझी ताई